चेताग्रातून पारेषकाचा स्राव : आयन आणि औषधे यांचा प्रभाव

चेतापेशीतून धावणारा आवेग विजेचा असतो, पण बहुतेक ठिकाणी तो एका पेशीतून दुसरीत वीज म्हणून उतरत नाही. अक्षतंतूचे टोक, म्हणजे चेताग्र, आणि पलीकडची पेशी यांच्यामध्ये फट असते. मेंदूतील अशा जोडात, म्हणजे सिनॅप्समध्ये, ती सुमारे २० नॅनोमीटर रुंद असते, चेता आणि स्नायू यांच्या जोडावर सुमारे ५० नॅनोमीटर. आवेग चेताग्रापर्यंत पोचला की तिथे साठवलेले रसायन फटीत स्रवते, पलीकडच्या पेशीवरील ग्राही प्रथिनांना चिकटते आणि त्या पेशीत नवा बदल घडवते. या रसायनांना चेतापारेषक म्हणतात. ॲसिटिलकोलीन, नॉरॲड्रेनॅलिन, डोपामिन, सिरोटोनिन, ग्लुटामेट, गाबा आणि ग्लायसिन हे त्यांतले मुख्य. पारेषक किती स्रवतो, केव्हा आणि किती वेळ, यावर हृदयाच्या ठोक्यापासून स्मरणशक्तीपर्यंत सारे अवलंबून असते. हा स्राव आयनांच्या हालचालीने ठरतो, आणि चेतासंस्थेवर परिणाम करणारी पुष्कळ औषधे व विषे त्या हालचालीत किंवा तिच्या मागच्यापुढच्या एखाद्या टप्प्यात हात घालतात.

टप्पे पुष्कळ आहेत. पारेषक आधी तयार व्हावा लागतो, मग पुटिका नावाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरला जावा लागतो. आवेग चेताग्रापर्यंत यावा लागतो, तिथले कॅल्शियमचे मार्ग उघडावे लागतात, आत शिरलेल्या कॅल्शियमने पुटिका पेशीच्या पटलाशी एकरूप व्हावी लागते. स्रवलेला पारेषक पुढे विकरांनी मोडला जातो किंवा पुन्हा आत ओढून घेतला जातो. यांपैकी स्रावापर्यंतच्या कोणत्याही टप्प्यावर अडथळा आला तरी प्रयोगशाळेत मोजणाऱ्याला दिसते ते एकच : स्राव घटला. म्हणून या विषयात ‘अमुक औषधाने स्राव कमी होतो’ हे विधान अर्धवट समजावे. कोणत्या टप्प्यावर, आणि कोणता आयन हाताशी असताना, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. हा भेद करण्याची साधने आयनांनीच पुरवली आहेत.

रासायनिक पारेषणाचा पहिला निर्णायक पुरावा १९२१ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ऑटो लोवी यांनी दिला. बेडकाच्या एका हृदयाची व्हेगस चेता उद्दीपित केली की त्याचे ठोके मंदावतात. त्या हृदयातला द्रव दुसऱ्या हृदयावर घातला तर तेही मंदावते, असे त्यांनी दाखवले. तो पदार्थ ॲसिटिलकोलीन होता. लंडनमध्ये हेन्री डेल, विल्हेल्म फेल्डबर्ग आणि मार्थे फोग्ट यांनी १९३६ मध्ये स्नायूंकडे जाणाऱ्या चेतांतूनही तेच स्रवते हे सिद्ध केले, आणि त्याच वर्षी लोवी व डेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ॲसिटिलकोलीन फटीतल्या कोलिनएस्टरेज या विकराने क्षणार्धात मोडते, त्यामुळे ते गोळा करायचे तर आधी विकराला थोपवावे लागते. त्यासाठी एसेरिन वापरत. मोजमाप होई ते जळवेच्या स्नायूवर : एसेरिन लावलेला हा स्नायू ॲसिटिलकोलीनच्या अत्यल्प मात्रेनेही आखडतो, आणि किती आखडला यावरून नमुन्यातील मात्रा काढता येते. किरणोत्सारी खुणा आणि रासायनिक विश्लेषणाची यंत्रे येईपर्यंत या क्षेत्रातले कितीतरी मूलभूत आकडे जळवेच्या स्नायूने दिले आहेत.

कोणती ऊती घ्यावी, हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. मांजराच्या मानेतील सिम्पथेटिक गंडिकेत द्रावण खेळवता येते आणि एका आवेगमालिकेत किती पारेषक स्रवला ते थेट मोजता येते. गिनीपिगच्या लहान आतड्याच्या भिंतीत चेतांचे दाट जाळे असते. त्या आतड्याचा तुकडा कोमट द्रावणात टांगला तर तासन्‌तास काम करतो. मेंदूचे पातळ काप आणि मेंदू दळून, अपकेंद्रित करून वेगळी केलेली चेताग्रे, ज्यांना सिनॅप्टोसोम म्हणतात, यांत मेंदूतले पारेषक तपासता येतात. यांतल्या प्रत्येक ऊतीची मर्यादा वेगळी. सिनॅप्टोसोमला अक्षतंतू उरलेला नसतो, म्हणून आवेग वाहून येण्याच्या टप्प्यावर काम करणारे औषध तिथे निष्प्रभ भासू शकते. मेंदूच्या कापात अनेक प्रकारच्या चेता एकमेकींत गुंतलेल्या असतात. एका पारेषकाच्या स्रावात दिसलेली घट ही दुसऱ्याच एखाद्या पेशीवरच्या परिणामाची सावली असू शकते.

आयनांपैकी सर्वांत मोलाचा कॅल्शियम. त्याची ओळख योगायोगाने झाली. लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणात चालवत होते. ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात केलेले होते, हे त्यांच्या नंतर ध्यानात आले. शुद्ध पाण्यात केलेल्या द्रावणात हृदय लवकरच थांबले. नळाच्या पाण्यातले कॅल्शियम त्याला चालवत होते, हे त्यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. १८९४ मध्ये फ्रँक लॉक यांनी चेता व स्नायू यांच्या जोडाबाबत तसेच दाखवले. कॅल्शियम नसलेल्या द्रावणात चेता उद्दीपित केली तरी स्नायू हलत नाही, आणि कॅल्शियम घातले की पुन्हा हलू लागतो. अडचण नेमकी कुठे होती हे १९४० मध्ये हार्वी आणि मॅकिन्टॉश यांच्या प्रयोगातून उलगडले. कॅल्शियमविरहित द्रावण गंडिकेत खेळवले तर चेतेला उद्दीपित करूनही ॲसिटिलकोलीन बाहेर पडेना.

पुढचे पाऊल युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये बर्नार्ड कॅट्झ यांनी टाकले. पॉल फॅट यांच्यासह त्यांनी १९५२ मध्ये वर्णन केलेली गोष्ट प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटावी अशी होती. बेडकाच्या स्नायूत चेतेच्या जोडाजवळ सूक्ष्म विद्युतदंड खुपसला, तर चेता पूर्ण विश्रांतीत असतानाही सेकंदाला सुमारे एकदा, अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपास उंचीचे चिमुकले विद्युत उंचवटे उमटत राहतात. डेल कॅस्टिलो आणि कॅट्झ यांनी १९५४ मध्ये द्रावणातले कॅल्शियम कमी केले, मॅग्नेशियम वाढवले आणि मग चेता उद्दीपित केली. आता मिळणारा प्रतिसाद पायऱ्यापायऱ्यांनी बदलत होता : कधी काहीच नाही, कधी एका उंचवट्याएवढा, कधी दोन किंवा तीन. म्हणजे पारेषक ठरावीक आकाराच्या पुड्यांनी स्रवतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम एका आवेगाने सुटणाऱ्या पुड्यांची संख्या बदलतात, पुडीचा आकार बदलत नाहीत. प्रत्येक पुडी म्हणजे एक पुटिका, आणि बेडकाच्या जोडावरील एका पुटिकेत ॲसिटिलकोलीनचे काही हजार रेणू असतात. या कामासाठी कॅट्झ यांना १९७० चे नोबेल विभागून मिळाले.

पुडीचा आकार आणि पुड्यांची संख्या यांतला हा भेद औषधांच्या अभ्यासात अत्यंत कामाचा ठरतो. उंचवट्यांची उंची घटली तर औषध पलीकडच्या ग्राहींवर काम करत असावे, किंवा पुटिका अर्धवट भरलेल्या असाव्यात. उंची तशीच राहून संख्या घटली तर परिणाम स्रावाच्या यंत्रणेवर झाला आहे.

कॅल्शियम नेमके केव्हा लागते, हे कॅट्झ आणि रिकार्डो मिलेडी यांनी १९६७ मध्ये शोधले. द्रावणात कॅल्शियम जवळजवळ ठेवलेच नाही. एका बारीक पिपेटीतून त्याचा क्षणिक फवारा चेताग्रावर सोडला. फवारा विद्युत उद्दीपनाच्या किंचित आधी पोचला तर स्राव झाला, नंतर पोचला तर झाला नाही. पुढे त्यांनीच स्क्विड या सागरी प्राण्याच्या महाकाय सिनॅप्सकडे मोर्चा वळवला. त्याचे चेताग्र एवढे मोठे की त्यात सुई खुपसता येते. १९७३ मध्ये मिलेडी यांनी त्यात थेट कॅल्शियम टोचले आणि आवेगाशिवायच पारेषक स्रवला. विजेचे काम कॅल्शियमला दार उघडून देण्यापुरते असते, हे त्यातून पक्के झाले.

कॅल्शियमचा परिणाम सरळ प्रमाणात वाढत नाही. डॉज आणि रहामिमॉफ यांनी १९६७ मध्ये दाखवले की कमी संहतीच्या पट्ट्यात स्राव कॅल्शियमच्या जवळजवळ चौथ्या घाताने वाढतो. कॅल्शियम दुप्पट केले तर स्राव सोळापटीच्या आसपास जाऊ शकतो. एकेक पुटिका सुटण्यासाठी अनेक कॅल्शियम आयनांनी एकत्र काम करावे लागते, असा याचा अर्थ. औषधांच्या दृष्टीने हा आकडा फार महत्त्वाचा आहे. कॅल्शियमचा प्रवेश थोडासाच घटवणारे औषधही स्रावावर मोठा आघात करते, आणि प्रवेश थोडासा वाढवणारे औषध स्राव कितीतरी वाढवू शकते. विश्रांतीतल्या चेताग्रात मुक्त कॅल्शियम बाहेरच्या सुमारे दहा हजारांश असते. मार्ग उघडताच ते आत घुसते, पण मार्गाच्या तोंडाशीच क्षणभर गर्दी करते; पुटिका तिथेच टेकलेल्या असतात, म्हणून प्रवेश ते स्राव हे अंतर मिलिसेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या अवधीत कापले जाते. पुटिकेच्या पटलातले सिनॅप्टोटॅग्मिन हे प्रथिन कॅल्शियमला ओळखते. टॉमस स्युडहोफ यांनी त्याचा माग काढला, आणि पुटिकांच्या वाहतुकीची यंत्रणा उलगडल्याबद्दल जेम्स रॉथमन व रँडी शेकमन यांच्यासह २०१३ चे नोबेल त्यांना मिळाले.

मॅग्नेशियम कॅल्शियमचा प्रतिस्पर्धी. तो कॅल्शियमच्या मार्गाशी अडून बसतो आणि स्राव घटवतो. कॅल्शियम वाढवले की अडवणूक मोडते. प्रयोगशाळेतला हा सामना प्रसूती कक्षात रोज प्रत्यक्ष दिसतो. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येतात, त्या एक्लॅम्प्सियावर मॅग्नेशियम सल्फेट हे पहिल्या पसंतीचे औषध आहे. प्रचलित पद्धतीत ४ ग्रॅम शिरेतून हळूहळू आणि दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम स्नायूत, अशी सुरुवात करतात, नंतर दर चार तासांनी ५ ग्रॅम. झटके थांबण्याचे श्रेय मुख्यतः मेंदूवरील परिणामांना दिले जाते. चेता-स्नायू जोडावरचा परिणाम ही या औषधाची धोक्याची बाजू आहे. म्हणून पुढचा प्रत्येक डोस देण्यापूर्वी परिचारिका गुडघ्याखाली हलकेच ठोकून पाय उडतो का ते पाहते, श्वास मोजते आणि लघवी किती झाली ते बघते, कारण मॅग्नेशियम मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते. रक्तात ते लिटरला ४ ते ७ मिलिइक्विव्हॅलंट असेल तर उपचार साधतो, १० च्या सुमारास गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया मावळते, १२ च्या पुढे श्वास थांबू शकतो. पाय उडणे बंद होणे ही वेळीच मिळालेली सूचना असते. उताराही हाताशी ठेवलेला असतो, कॅल्शियम ग्लुकोनेटची १० टक्क्यांची १० मिलिलिटरची कुपी. लॉक यांनी बेडकाच्या स्नायूवर जे केले तेच इथे माणसाच्या शिरेतून केले जाते. मायस्थेनिया असलेल्या रुग्णांत हा जोड आधीच दुबळा असतो, त्यामुळे त्यांना मॅग्नेशियम देणे टाळतात.

निओमायसिन, स्ट्रेप्टोमायसिन या वर्गातील प्रतिजैविकांचाही असाच, मॅग्नेशियमसारखा गुण आहे. शस्त्रक्रियेत निओमायसिन पोटाच्या पोकळीत ओतल्यावर भूल दिलेल्या रुग्णांचा श्वास मंदावल्याच्या घटना १९५० च्या दशकात नोंदल्या गेल्या. इथेही कॅल्शियम दिल्याने परिणाम बराचसा उलटवता येतो.

इतर धातूंचे आयन प्रयोगशाळेत हत्यार म्हणून वापरतात. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमची जागा कशीबशी घेतो, पण त्याच्या राज्यात पुटिका आवेगाबरोबर एकदम न सुटता मागाहून विस्कळीतपणे सुटत राहतात. कॅडमियम, कोबाल्ट आणि मँगनीज कॅल्शियमचे मार्ग बंद करतात. लॅन्थॅनमचे वागणे चमत्कारिक : आवेगाने होणारा स्राव तो थांबवतो, पण आपोआप सुटणाऱ्या पुड्यांचा वेग प्रचंड वाढवतो. स्राव थांबला आणि साठा शाबूत आहे, की साठाच रिता झाला, हे तपासायला अशी साधने उपयोगी पडतात.

पोटॅशियम वेगळ्या वाटेने काम करतो. पेशीच्या आत तो भरपूर आणि बाहेर थोडा, या फरकावर पटलाचा विश्रांतीतला विभव टिकून असतो. बाहेरचा पोटॅशियम वाढवला की विभव ढासळतो, म्हणजे पटलाचे विध्रुवण होते, आणि कॅल्शियमचे मार्ग आवेगाविनाच उघडतात. ब्राउन आणि फेल्डबर्ग यांनी १९३६ मध्ये मांजराच्या गंडिकेवर पोटॅशियमने ॲसिटिलकोलीन स्रवताना पाहिले. मेंदूच्या कापांवरील प्रयोगांत बाहेरचा पोटॅशियम लिटरला ४-५ मिलिमोलवरून ३० ते ५० वर नेणे ही आजही नेहमीची रीत आहे. तिचा फायदा असा की सोडियमच्या मार्गांची गरजच उरत नाही. सोडियम आत शिरल्याशिवाय आवेग पुढे सरकत नाही. फुगू माशातील टेट्रोडोटॉक्सिन सोडियमचे मार्ग बुजवते. टेट्रोडोटॉक्सिनने विजेच्या उद्दीपनाने होणारा स्राव बंद पडतो, पोटॅशियमने होणारा चालू राहतो. या जोडीने औषधाची जागा हेरता येते : जे औषध विजेने होणारा स्राव थांबवते पण पोटॅशियमने होणाऱ्या स्रावाला हात लावत नाही, ते बहुधा आवेगाच्या वहनावर काम करते. दोन्ही थांबवणारे औषध त्याच्या पुढच्या टप्प्यावर शोधावे. मात्र पोटॅशियमचे उद्दीपन ओबडधोबड असते. खरा आवेग मिलिसेकंदभर टिकतो, पोटॅशियमने विध्रुवण मिनिटेच्या मिनिटे चालते, त्यामुळे पोटॅशियमच्या उद्दीपनात मिळालेले आकडे जिवंत मेंदूला सरसकट लागू करणे चूक आहे.

सोडियमची दुसरीही बाजू आहे. तो आत साठत गेला तर स्राव वाढतो. पटलातला सोडियम-पोटॅशियम पंप ओबेन या विषाने बंद केला की पारेषक बाहेर पडू लागतो, काही प्रमाणात बाहेर कॅल्शियम नसतानाही. कारण पारेषकाला पुन्हा आत ओढणारी वाहक प्रथिने सोडियमच्या उताराच्या बळावर चालतात. उतार नाहीसा झाला की तीच उलटी फिरतात आणि पेशीतला पारेषक बाहेर टाकतात. पक्षाघातात मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, ऊर्जेअभावी पंप बंद पडतात आणि ग्लुटामेट अशाच मार्गाने फटींमध्ये भरून पेशींची हानी वाढवते. हा स्राव पुटिकांतून झालेला नसतो. म्हणून कॅल्शियम काढून टाकल्यावर स्राव थांबतो का, ही प्रत्येक प्रयोगातली पहिली कसोटी मानावी.

औषधांकडे वळताना आवेगाच्या लांबीवर काम करणाऱ्या द्रव्यांपासून सुरुवात करणे सोयीचे. आवेग ओसरतो तो पोटॅशियम बाहेर गेल्यामुळे. त्याचे मार्ग अडवले की आवेग लांबतो, कॅल्शियम जास्त वेळ आत येत राहतो, आणि चौथ्या घाताच्या नियमाने स्राव उसळतो. ४-अमिनोपायरिडिन हे असे द्रव्य. ह्यूझर आणि रीझ यांनी १९७९ मध्ये याच गुणाचा कुशल उपयोग केला. बेडकाचा स्नायू ४-अमिनोपायरिडिनमध्ये भिजवायचा, चेता उद्दीपित करायची आणि काही मिलिसेकंदांत तो द्रव हेलियमने गार केलेल्या तांब्याच्या ठोकळ्यावर आपटून गोठवायचा. एरवी एका आवेगात सुटणाऱ्या पुटिका इतक्या थोड्या असतात की सूक्ष्मदर्शकाखाली त्या सापडणे कठीण. स्राव वाढवल्यामुळे पटलाला उघडणाऱ्या पुटिका ऐन क्षणी टिपता आल्या. याच कुळातले ३,४-डायअमिनोपायरिडिन लॅम्बर्ट-ईटन या विकारावरचे औषध आहे. या विकारात शरीराचीच प्रतिपिंडे चेताग्रावरील कॅल्शियमचे मार्ग नष्ट करतात. पुष्कळ रुग्णांत त्यामागे फुप्फुसाचा एक प्रकारचा कर्करोग असतो. मार्ग थोडे उरले तरी ते अधिक वेळ उघडे ठेवून स्नायूंना बळ देता येते.

कॅल्शियमचे मार्ग अनेक प्रकारचे असतात, आणि हे रुग्णांचे भाग्य म्हणावे लागेल. रक्तदाबासाठी लाखो लोक निफेडिपिन किंवा ॲम्लोडिपिन घेतात. ही औषधे रक्तवाहिन्यांतले एल प्रकारचे मार्ग अडवतात, तर चेताग्रांतला स्राव मुख्यतः एन आणि पी/क्यू प्रकारच्या मार्गांवर चालतो. त्यामुळे रक्तदाब उतरतो, स्नायू लुळे पडत नाहीत. उलट शंखवर्गातील कोनस मॅगस या गोगलगाईच्या विषापासून घडवलेले झिकोनोटाइड केवळ एन प्रकार अडवते. असह्य वेदनेवर ते मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात देतात. गॅबापेन्टिन याच मार्गांच्या एका उपघटकाला चिकटते.

पुटिका पटलाशी जुळण्याच्या टप्प्यावर बोटुलिनम आणि धनुर्वाताची विषे काम करतात. दोन्ही विषे प्रथिने कापणारी विकरे आहेत. धनुर्वाताचे विष आणि बोटुलिनमचा बी प्रकार तर सिनॅप्टोब्रेव्हिन हे प्रथिन एकाच ठिकाणी कापतात, असे १९९२ मध्ये आढळले. तरीही बोटुलिनमने रुग्ण लुळा पडतो आणि धनुर्वाताने धनुष्यासारखा ताठतो. बोटुलिनम स्नायूजवळच्या चेताग्रात राहून ॲसिटिलकोलीन अडवते. धनुर्वाताचे विष अक्षतंतूतून उलटे चढत मज्जारज्जूत जाते आणि तिथे स्नायूंना आवरणाऱ्या चेतांमधला ग्लायसिन व गाबा यांचा स्राव बंद करते. एकाच रासायनिक क्रियेचे असे टोकाचे परिणाम पाहिले की ऊतीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

महाराष्ट्रातील ग्रामीण रुग्णालयांत हा विषय सर्पदंश आणि विंचूदंश यांच्या रूपाने येतो. नागाच्या विषातील चेताविषे स्नायूवरच्या ग्राहींना जाऊन बसतात. ॲसिटिलकोलीन स्रवत असते, पण त्याला जागा मिळत नाही. अशा रुग्णाला निओस्टिग्मिन दिले तर फटीतले ॲसिटिलकोलीन टिकून राहते आणि मिटलेल्या पापण्या पुष्कळदा उघडतात. मण्यारीचे तसे नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते तेव्हा बहुधा दुखत नाही, सूज येत नाही, खूणही सापडत नाही. पोटात कळ येते, पहाटे पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते, मग श्वास. तिच्या विषातली मुख्य चेताविषे चेताग्रावरच हल्ला करतात : पुटिका रित्या होतात, टोकाची रचनाच मोडते. स्रवायलाच काही उरले नाही तर निओस्टिग्मिनने टिकवणार काय? प्रतिसर्पविष लवकर दिले तर रक्तातले विष बांधले जाते, पण एकदा बिघडलेले चेताग्र पुन्हा घडायला दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर कृत्रिम श्वसनावर रुग्णाला तगवणे हाच उपचार, आणि तो नेटाने केला तर रुग्ण बरा होऊन घरी जातो.

कोकणातील लाल विंचवाचे विष स्राव उसळवते. ते सोडियमचे मार्ग मिटू देत नाही, चेता पुन्हा पुन्हा पेटते, आणि नॉरॲड्रेनॅलिन व ॲड्रेनॅलिन यांचा लोंढा सुटतो. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब आणि शेवटी फुप्फुसात पाणी अशी दशा होते. याच विंचवाच्या विषातून १९९० मध्ये वेगळे केलेले आयबेरिओटॉक्सिन कॅल्शियमने उघडणारे पोटॅशियमचे मार्ग अडवते, आणि जगभरच्या प्रयोगशाळांत ते स्रावाच्या अभ्यासासाठी वापरले जाते. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिनचा उपचार रुजवला. प्राझोसिन स्राव थांबवत नाही. रक्तवाहिन्यांवरील अल्फा ग्राही अडवून आधीच सुटलेल्या लोंढ्याचा मारा निष्फळ करते. स्रावाच्या पलीकडच्या टप्प्यावर उभे राहून जीव वाचवता येतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

साठवणीच्या टप्प्यावर काम करणारे अभिजात औषध म्हणजे सर्पगंधेतले रेसर्पिन. मुंबईत रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने उच्च रक्तदाब उतरतो याचा पद्धतशीर पुरावा १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे वळले. रेसर्पिन पुटिकेत नॉरॲड्रेनॅलिन, डोपामिन व सिरोटोनिन भरणारे वाहक बंद करते. भरणे थांबले की पेशीतच ते रसायन मोडीत निघते; आवेग येतो, कॅल्शियम शिरतो, पुटिका उघडतात, पण रिकाम्या. १९५७ मध्ये आर्विड कार्लसन यांनी रेसर्पिनने निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा देऊन पुन्हा हिंडताफिरताना दाखवले, आणि पार्किन्सन विकाराच्या उपचाराला त्यातून दिशा मिळाली. हेमिकोलिनियम हे ॲसिटिलकोलीनचा कच्चा माल असलेल्या कोलिनला चेताग्रात शिरू देत नाही. त्याचा परिणाम लगेच न दिसता चेता भरभर चालवून साठा संपत आला की मगच दिसतो. अँफेटामिन आणि टायरामिन वाहकांमधून आत शिरून साठ्यातले रसायन बाहेर ढकलतात, त्यासाठी त्यांना कॅल्शियम लागत नाही. मुरलेल्या चीजमध्ये टायरामिन असते. मोनोअमाइन ऑक्सिडेज अडवणारी औषधे घेणाऱ्याने ते खाल्ले तर रक्तदाब भयंकर उसळतो.

उरतो तो चेताग्रावरच्या ग्राहींचा प्रश्न, आणि व्यवहारातली काही औषधे त्याच्याशी निगडित आहेत. १९५७ मध्ये ब्राउन आणि गिलेस्पी यांना मांजराच्या प्लीहेत असे आढळले की अल्फा ग्राही अडवणाऱ्या औषधानंतर नॉरॲड्रेनॅलिन अधिक बाहेर येते. उलगडा १९७० च्या दशकात झाला : चेताग्रावरच अल्फा-२ ग्राही असतात, स्रवलेले नॉरॲड्रेनॅलिन त्यांना चिकटून पुढचा स्राव रोखते. ॲसिटिलकोलीनच्या चेतांवरही अशीच स्वनियंत्रक ग्राही असतात, आणि त्यांनी जुन्या प्रयोगांवर नवा प्रकाश टाकला. एसेरिन घालून गोळा केलेले ॲसिटिलकोलीन फटीत कृत्रिमरीत्या साचते, तेच स्राव दाबते; ही ग्राही अडवणारे ॲट्रोपिन घातले की दाब सुटतो आणि मोजमाप एकदम वाढते. मेंदूच्या पृष्ठभागावरून गोळा केलेल्या नमुन्यांत ॲट्रोपिनने दिसलेली वाढ काही अंशी मोजण्याच्या पद्धतीतूनच आली होती.

मॉर्फिनचा स्रावावरील परिणामही १९५७ मध्येच विल्यम पॅटन यांनी गिनीपिगच्या आतड्यावर दाखवला : विजेने उद्दीपित केल्यावर सुटणारे ॲसिटिलकोलीन मॉर्फिनने घटते. अफूने बद्धकोष्ठ होते ते यामुळेही. हीच ऊती पुढे ॲबर्डीनमध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांच्या हाती आली आणि १९७५ मध्ये मेंदूतल्या नैसर्गिक अफूसदृश एन्केफॅलिनांचा शोध लागला. मॉर्फिनचे ग्राही आणि अल्फा-२ ग्राही एकाच तऱ्हेची ‘जी’ (G) प्रथिने चाळवतात. त्यांच्यामार्फत कॅल्शियमचे मार्ग आखडतात, पोटॅशियमचे उघडतात. दोन निराळ्या औषधांची वाट अशी चेताग्रात एक होते. मॉर्फिन किंवा हेरॉइन दीर्घकाळ घेऊन अचानक सोडले की दाबून ठेवलेल्या नॉरॲड्रेनॅलिनच्या चेता उसळतात : धडधड, घाम, अस्वस्थता. अल्फा-२ ग्राहींना चाळवणारे क्लोनिडिन ती उसळी पुष्कळशी आवरते, म्हणून अफूवर्गीय व्यसनमुक्तीच्या पहिल्या दिवसांत ते दिले जाते. तेच क्लोनिडिन रक्तदाबासाठी घेत असताना एकाएकी थांबवले तर नॉरॲड्रेनॅलिनचा स्राव उलट उसळतो आणि रक्तदाब मूळच्याही वर जातो, त्यामुळे ते टप्प्याटप्प्यानेच कमी करावे लागते.